सात नंबरवरची बाई

सोमवार, ३ तारीख

धाकटे,

तू बरी असशील, मेहुणे बरे असतील आणि त्यांच्या ताब्यातले पुलावरचे तुमच्या बाजूचे दिवे नियमाने लागत असतील, असं धरून चालतो. लागतात, हे मला गच्चीतून दिसतंच. आमच्या अर्ध्या पुलावरचे दिवे मात्र महिनाभर बंद आहेत. तेल नाही, वीज नाही. त्यामुळे संध्याकाळी पूल तुमच्याकडून निघतो आणि नदीच्या मधोमध संपतो, असं दिसतं. काल आई म्हणाली, "जावयाने आपल्याकडची चार बटणंही दाबली तर हात झिजेल का त्याचा?" त्यांना सांग, सासूबाईंचा निरोप आहे.

फोन सोडून हा पत्रं लिहिण्याचा उद्योग का, असं विचारशील. गेले काही दिवस फोनवर मला एक तिसरा श्वास ऐकू येतो. तू बोलतेस, मी बोलतो आणि आपण दोघं गप्प झालो की कुणीतरी हलकेच श्वास सोडतं. तुझी वहिनी म्हणते, वय झालं तुमचं. झालं असेल, पण कान अजून नवे आहेत. तेव्हा पत्र पाववाल्याच्या हाती देतो. तुमच्याकडचा पीठवाला अजून पीठ देतो म्हणून पाववाल्याची गाडी रोज पूल ओलांडते आणि आम्हाला पाव मिळतो. इतर दुकानांत फळ्या आहेत, माल नाही. औषधांच्या दुकानात तर फळ्याही पुसून चकचकीत करून ठेवल्या आहेत, म्हणजे रिकामेपण नीट दिसावं.

माझं काम टिकून आहे. लग्नांत भोंगे बांधत हिंडणारा तुझा भाऊ तीस वर्षं परराष्ट्र खात्याच्या मोठ्या सभागृहातला आवाज सांभाळतो, हे दाढी करताना मी अजूनही आरशाला सांगत असतो. गेल्या महिन्यात पाहुण्यांनी सभागृहाला नवी यंत्रणा भेट दिली. पाहुणे म्हणजे कोण ते तुला ठाऊक आहे. इथे सगळे त्यांना पाहुणेच म्हणतात. देशाचं नाव घेतलं की माणसं आधी मागे वळून बघतात. त्यांनी तेल देऊ केलंय, गहू देऊ केलाय, औषधं देऊ केलीत आणि वर हे. प्रत्येक खुर्चीला नवा माईक, नवा कर्णफोन. त्यावर नंबर फिरवला की हव्या त्या भाषेत भाषांतर ऐकू येतं. सात नंबरवर त्यांची भाषा. बाईचा आवाज, गोड, सपाट, जेवण झालेल्या माणसासारखा निवांत.

यंत्रणा उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे. पण ते पुढे कधीतरी.

आता मुद्द्याचं. तू येत्या एकवीसला, शुक्रवारी, आईला बघायला येणार म्हणतेस. इतक्यात येऊ नकोस. घराला रंग काढलाय. सगळं सामान मधल्या खोलीत आलंय, तुला झोपायला जागा नाही. आई तशी ठीक आहे. छातीत मधूनमधून दुखतं, पण भांडायला ताकद आहे. रंग झाला की मीच कळवतो.

खात्यात कसलेकसले फॉर्म भरून घेतायत. त्यात काही विशेष नाही.

तुझा
दादा

•

मंगळवार, ११ तारीख

धाकटे,

तुझं पत्र पाववाल्याने असं धरून दिलं, जणू आत निखारा आहे. वाचल्यावर कळलं, तसं होतंच.

"कुठला रंग? तुमच्याकडे डोक्याला लावायला तेल नाही आणि तू भिंतींना रंग लावतोस? दादा, तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, तू नुसता घसा खाकरतोस. पत्रातही ते ऐकू आलं."

बरं बाई. रंग नाही. भिंती होत्या तशाच आहेत, पोपडे सुटलेल्या.

आणि पुढे तू विचारतेस, तुमच्या मंत्र्याने राष्ट्रांच्या बैठकीत आमच्याविरुद्ध मत दिलंच कसं. चाळीस वर्षांची दोस्ती, दर वर्षी दोन्हीकडचे रंगारी आपापल्या टोकाकडून पूल रंगवत निघतात आणि मध्ये भेटले की एकमेकांच्या डब्यात ब्रश बुडवतात, आणि तुम्ही म्हणता नदीचं मुख आमचं नाही, पाहुण्यांचं आहे?

मी सभागृहात होतो. जे ऐकलं ते सांगतो. तू मला वेडा म्हणशील, तर म्हण.

भाषांतर नेहमी मागून येतं. माणूस बोलतो, काचेच्या खोलीत बसलेला दुभाषी दोन-तीन शब्द थांबतो आणि मग बोलतो. ते अंतर तीस वर्षं माझ्या कानात मुरलंय. दुभाषी दमला की ते वाढतं, माणूस लबाडी करायला लागला की आणखी वाढतं. नवी यंत्रणा आल्यावर पहिल्याच बैठकीत मी सात नंबर लावला. पाहुण्यांची भाषा मला बोलता येत नाही, पण इतकी वर्षं कानावर पडून समजते. बाईचं भाषांतर चोख होतं. फक्त अंतर नव्हतं. मंत्र्याचं वाक्य संपायचं आणि त्याच क्षणी तिचंही संपायचं.

दुसऱ्या बैठकीत ती एक शब्द पुढे होती.

मी काचेच्या खोलीकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीला अजून प्लास्टिकही तसंच होतं.

पाहुण्यांचा इंजिनियर भला माणूस आहे, मला चहा देतो. त्याला विचारलं, तर हसला. "अहो, बाई नाहीच आहे ती, यंत्र आहे. तुमच्या तीस वर्षांच्या टेपा त्याला ऐकवल्यात. कोण कसा बोलतो हे त्याला पाठ झालंय. थोडा अंदाज बांधतं, एवढंच."

टेपा मीच खोक्यांत भरून दिल्या होत्या, धाकटे. जपून, तारखा घालून, धूळ पुसून. मागितल्या आणि दिल्या.

मताच्या दिवशी सकाळी पावणेआठला मी नेहमीसारखा माईक तपासायला गेलो. लख्ख ऊन आलं होतं. सगळ्या खुर्च्यांच्या सावल्या एका बाजूला पडल्या होत्या. तुमच्या राजदूतांची खुर्ची, चौथी, आमच्या मंत्र्याच्या उजव्या हाताची, तिथे नव्हती. टेबलाला माईकचं भोक होतं ते सुतार वापरतात ती लांबी भरून बुजवलं होतं. लांबी अजून ओली होती. हे म्हातारबुवा बोलायच्या आधी माईकवर पेन्सिलीने दोनदा टकटक करायचे, आठवतं, तुला नक्कल करून दाखवायचो? मी कर्णफोन लावून सात नंबर घेतला. सभागृहात मी एकटा. आणि बाई बोलत होती.

शांतपणे बोलत होती. आमचा देश, नदीचं मुख, ऐतिहासिक हक्क, आमच्या नव्या मित्रांशी सहमत. मध्ये एके ठिकाणी ती थांबली. नुसती थांबली, खोकण्याएवढी. मग पुढे.

अकरा वाजता मंत्री उठले. हातात कागद होता, पण दोनदा त्यांनी तो बाजूला ठेवला, स्वतःचं काही बोलावं तसा. ओठ उघडले, मिटले, कर्णफोनावर हात गेला आणि पुढचं वाक्य तेच आलं. "ऐतिहासिक हक्क" म्हणून झाल्यावर ते खोकले.

आजूबाजूला बघितलं, तर सगळे माना डोलावत होते. कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. सगळ्यांच्या कानांत ते होतं.

आणि आता हे वाच, मग हवं तर पत्र फाडून टाक. तेलाचं आणि औषधांचं जहाज तीन दिवस बंदराबाहेर उभं होतं. किनाऱ्यावरून दिसायचं, जवळ यायचं नाही. मत दिल्यावर चाळीस मिनिटांत ते आत आलं. लोक धक्क्यावर धावले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. आईच्या गोळ्या त्या जहाजात होत्या. अकरा दिवस तिला गोळी नव्हती, हे मी तुला कळवलं नव्हतं. "ठीक आहे" असं लिहिलं होतं. त्या संध्याकाळी गोळी घेऊन ती शांत झोपली आणि मी तिच्या उशाशी बसून तिचा श्वास मोजला. तेव्हा तुमच्या नदीचं मुख माझ्या ध्यानातही नव्हतं.

तू विचारतेस ना, मत दिलंच कसं. असं.

शुक्रवारी मात्र येऊ नकोस. कारण विचारू नकोस. रंग समज.

दादा

•

सोमवार, १७ तारीख

धाकटे,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. पाववाला मंगळवारी सकाळी देईल. बस, चूल बंद कर आणि वाच. मेहुण्यांनाही वाचून दाखव.

आधी मी ज्याला रंग म्हणत होतो ते.

एक तारखेला खात्यातल्या आम्हा सगळ्यांची चौकशी झाली. ते मी "फॉर्म" म्हणून उडवून लावलं होतं. सभागृहातच बसवलं, कानात कर्णफोन. समोर पाहुण्यांचे एक साहेब, पिकल्या केसांचे, अदबीने बोलणारे. काम टिकवायचं तर यातून जायचं होतं. कामाबरोबर सरकारी घर, घराबरोबर औषधाचं कार्ड. नाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाले, "नदीपलीकडे नात्याचं कुणी?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, काय सांगणार होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. तुझं नाव येणार होतं की नाही, आता कधीच कळायचं नाही. कारण त्याआधी कानात बाई बोलली. त्यांच्या भाषेत, निवांत. "कुणी नाही."

आणि मी म्हणालो, "कुणी नाही."

इतकं सोपं होतं, धाकटे. उतारावरून पाय आपोआप पडावा तसं. मी काही ठरवलं नाही, नुसतं तिच्यामागून तोंड हलवलं. मग सही केली. सही मात्र माझी मीच केली, तिथे बाई नव्हती. म्हणून तुला येऊ नकोस म्हणत होतो. तू दारात उभी राहिलीस की मी तोंडघशी पडणार होतो. आईच्या गोळ्यांचं निमित्त होतंच, पण खरं सांगू? मला माझ्या नोकरीचीही भीती वाटत होती. भोंगे खांद्यावर घेऊन हिंडायचं वय राहिलं नाही.

परवा शनिवारी त्या साहेबांनी पुन्हा बोलावलं. स्वतः उठून खुर्ची दिली. म्हणाले, "तुमच्या टेपा फार छान आहेत. विशेषतः सुरुवातीचे भाग."

सुरुवातीच्या भागांत काय आहे ते मला ठाऊक. तुलाही ठाऊक आहे. दुनिया माईक तपासताना "एक, दोन" म्हणते. मी भोंगेवाला होतो तेव्हापासून घरच्यांची हजेरी घेतो. "आई. आप्पा. धाकटी. घरची. मी." तू एकदा चिडली होतीस, मला बायकोच्या आधी का घेतोस म्हणून. अगं, "धाकटी"तल्या ध आणि ट ला माईक फुटतो की नाही ते लगेच कळतं, म्हणून. तुझं लग्न झाल्यावर गमतीने एक शब्द जोडला होता, तो तसाच राहिला. "धाकटी, नदीपलीकडची." वीस-बावीस वर्षं, रोज सकाळी, प्रत्येक खुर्चीवर. आणि ते सगळं टेपांवर. आप्पा जाऊन किती वर्षं झाली, तेही अजून हजेरीत आहेत.

साहेब हसले. "घाबरू नका. तुम्ही फॉर्मवर कुणी नाही असं लिहिलंय, तेच आम्ही धरतो. तसंही गुरुवारनंतर ते खरंच असेल."

"गुरुवारी काय आहे, साहेब?"

"पुलाची दुरुस्ती," ते म्हणाले. "लांब चालेल."

वीस तारीख, गुरुवार. तू एकवीसला निघणार होतीस.

घरी येऊन कुणाला काही बोललो नाही. रविवार तसाच गेला. तुझ्या वहिनीने दोनदा विचारलं, "दातबीत दुखतोय का तुमचा?" तिला काय सांगू, की मला माझ्या वाटेने जाऊ दे, चार दिवसांनी सगळं आपोआप मिटणार आहे. पूल बंद झाला की तू येणार नाहीस, खोटं उघडं पडणार नाही, नोकरी, घर, गोळ्या सगळं जागच्या जागी. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. मी खरोखर बसणार होतो, धाकटे. हे तुला कळायलाच हवं.

मग आज सकाळ आली. पावणेआठ, तेच ऊन, त्याच सावल्या. लांबी आता वाळलीय. वर रंग दिलाय, भोक कुठे होतं ते हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही. मी मंत्र्याच्या खुर्चीत बसलो, कर्णफोन लावला, सवयीने सात नंबर घेतला आणि हजेरी सुरू केली. बाई माझ्या एक शब्द पुढे चालली होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"आई. आप्पा. घरची. मी."

पुढच्या खुर्चीवर गेलो. "आई. आप्पा. घरची. मी."

तिसऱ्या खुर्चीवर गेल्यावर थांबलो. सभागृहात इतकी शांतता होती की माईकमधली विजेची गुणगुण ऐकू येत होती. मला कळेना काय चुकतंय. दोन माईक तपासले होते आणि ध-ट फुटतो का ते ऐकलंच नव्हतं.

तिने तुला गाळलं होतं. आणि मी तिच्यामागून गेलो होतो. कुणी विचारलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं, समोर साहेब नव्हते की फॉर्म नव्हता. रिकाम्या सभागृहात, माझ्याच तोंडाने, दोनदा.

मंत्री काय करत होते ते तेव्हा कळलं. मला वाटत होतं, ते जीभ चावत असतील, मनात खजील होत असतील. नाही गं. त्यांना आठवतच नसेल.

मी कर्णफोन काढून टेबलावर ठेवला. आतून ती बारीक बोलतच होती, डबीत माशी अडकावी तशी. मग उभा राहिलो आणि माईकशिवाय, पूर्वी भोंग्याची तार तुटली की मैदानभर ओरडायचो तसा, तुझं नाव घेतलं. "धाकटी, नदीपलीकडची." भिंतींनी ते परत दिलं. थोडं मागून आलं, जसं यायला हवं तसं.

दाराशी इंजिनियर चहाचे दोन कप घेऊन उभा होता. त्याने एक माझ्यापुढे ठेवला आणि निघून गेला. चहा मी प्यालो.

घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. तिला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं. अशी कबुली ओरडून देण्यासारखी शिक्षा नाही. अर्ध्यात तुझी वहिनी येऊन दारात उभी राहिली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे कान एवढे तिखट, मग माझं एवढं कसं ऐकलं नाहीस? मी महिनाभर म्हणतेय, मला धाकटीकडे ने."

"आई, परत येता येणार नाही."

"तीस वर्षं तुझ्याकडे राहिले. परत यायला मी काय विसरलेय इथे?" असं म्हणाली आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तू येशील ना पोहोचवायला? माझ्या खुर्चीचं चाक अडकतं."

तर असं ठरलंय. बुधवारी सकाळी दहाला मी आईला चाकाच्या खुर्चीत घेऊन पुलावर येतो. तू आणि मेहुणे मधल्या खांबापाशी उभे राहा, जिथे रंगारी भेटतात तिथे. आईची पिशवी भरलीय. चार महिन्यांच्या गोळ्या आहेत, त्याच जहाजातल्या. पुढच्या तुमच्याकडे मिळतात का ते आजच विचार. तिचा डावा पाय संध्याकाळी सुजतो, उशीवर ठेवावा लागतो. उजव्या कानाशी बोल, डाव्याने ती फक्त होकार देते.

मी परत इकडे येणार. तुझी वहिनी इथे आहे. तिला "चल" म्हणालो, तर म्हणाली, "माझी आईही इथेच आहे, तिला कोण पोहोचवणार?" बरोबर आहे तिचं. घर सोडावं लागेल. तिने आत्ताच भांडी कागदात बांधायला घेतलीत, आणि प्रत्येक भांडं आपटून बांधते. त्याचा आवाज मला आज गोड लागतोय.

आमच्या बाजूच्या चौकीवर वही आहे. पलीकडे जाणाऱ्याने लिहायचं: नाव, कुणाकडे, नातं काय. ती वही रोज संध्याकाळी साहेबांकडे जाते. बुधवारी मी ती भरणार आहे. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते पाठ करून ठेवलंय, पण तिथे कुणी आधी सांगू नये म्हणून कानात कापूस घालून जाईन. हे पत्रही कापूस घालूनच लिहितोय. आईने विचारलं, कान दुखतो का? म्हटलं, नाही, आज जरा माझं मला ऐकायचंय.

पुलावर मला हाक मारायची असेल तर मोठ्याने मार. मागून येऊ दे, एक-दोन शब्द उशिरा. मी थांबेन.

नदीअलीकडचा,
तुझा सख्खा भाऊ